परड्यातलं तळं: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

संक्रांत झाली की आपल्याकडं जमीन वाळायला लागते, खोदकामाला हात घालायचे हेच दिवस, म्हणून या वेळच्या सदरात फक्त परड्यातल्या तळ्याचे प्रश्न घेतलेत. अथणीपासून खानापूरपर्यंत पत्रं आलीत. ती एका बैठकीत वाचली तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच जणांनी कुठल्यातरी परदेशातल्या तळ्याचा व्हिडिओ बघून तसंच्या तसं करायला घेतलंय. अहो, आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीकडं वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि अथणीला ६०० च्या आसपास, इकडं तांबडी माती तिकडं काळी, मग तळं एकसारखं कसं होईल? म्हणून गाव बघून उत्तरं दिलीत, आपल्या मातीला जे जुळतं तेवढंच उचला.

घरामागं १० बाय ६ फुटाचं तळं करूया म्हणून गवंड्याला बोलावलं, तो म्हणतोय विटा लावून सिमेंटचा हौद करा, जन्मभर टिकतंय. शेजारी म्हणतोय काळ्या रानात सिमेंट फुटतंय. कुणाचं ऐकू? खर्च पण बेतात पायजे. (अथणी तालुका)

शेजाऱ्याचं ऐका दादा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिलमध्ये तुमच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळंच, आणि ही हालचाल दरवर्षी हौदाच्या भिंतीला ढकलत-ओढत राहते. सळई घालून चांगलं काँक्रीट केलं तर तगेल पण खर्च दुप्पट-तिप्पट, आणि नुसत्या विटांच्या भिंतीला दोन-चार वर्षांत तडा जायचाच. तुमच्यासाठी कागद बरा. शेततळ्याला घालतात तोच काळा ५०० मायक्रॉनचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद, तुमच्या भागात कृषी भाग्य योजनेत कितीतरी कृषी होंडं, म्हणजे शेततळी, झालीत, कागद घालून देणारे लोक तुम्हाला लांब शोधायला लागणार नाहीत, आणि कुणाच्या मोठ्या कामातला उरलेला तुकडा मिळाला तर अजून स्वस्तात होईल.

माप कसं काढायचं ते सांगतो. लांबीत दोन्ही बाजूंची खोली मिळवा आणि काठावर दाबायला दोन्हीकडं एकेक फूट धरा. तुमचं तळं १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट खोल धरलं तर कागद १६ बाय १२ फूट लागेल. यापेक्षा कमी घेऊ नका, कागद ताणून बसवला की कोपऱ्यात फाटतो, घड्या पडल्या तर पडू देत. खोली दोन फुटाच्या खाली नको, कारण तुमच्याकडं उन्हाळा कडक आणि उथळ पाणी दुपारी तापून माशांना सोसत नाही. सगळा खड्डा एकाच खोलीचा पण नको, एका बाजूला पाण्याच्या पातळीखाली ९ इंचावर फूटभर रुंदीची पायरी ठेवा, कुंड्या ठेवायला लागते आणि पाण्यात पडलेला बेडूक, सरडा, खार तिथनंच वर येते. बाजू सरळ तासू नका, उताराच्या ठेवा, काळी माती सरळ उभी राहत नाही.

खड्डा ठरल्यापेक्षा सहा-आठ इंच जास्त खोदायचा, त्यात मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करायचा, खडे-मुळं वेचून काढायची, वर दोन इंच वाळू किंवा जुनी खताची प्लास्टिकची पोती अंथरायची आणि मग कागद. गोणपाट घालू नका, वर्षभरात कुजतं. आणि काठ एका पातळीत आहे का ते डोळ्यानं ठरवायचं नाही, गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या आणि चारी बाजूनी मारा, कारण एक बाजू दोन इंच वर राहिली तर पाणी भरल्यावर त्या बाजूला कागद उघडा दिसत राहतो आणि उघडा कागद उन्हानं आधी खराब होतो. काठावर फरशीचे तुकडे किंवा दगड असे लावा की ते कागदाच्या पुढं दोन इंच पाण्यावर येतील. फक्त काठाची दाबण पाणी भरून कागद बसल्यावरच करा, आधी नको.

एवढ्या तळ्यात बाजूचे उतार धरून साधारण अडीच हजार लिटर पाणी बसेल. झाडाखाली करू नका, कडुलिंबाची पानं दिसायला बारीक पण तळाशी काळा गाळ करतात. घराच्या खिडकीतनं दिसेल, सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल आणि भर दुपारी थोडी सावली असेल अशी जागा धरा.

आमची जमीन तांबडी, खाली जांभा. आजोबा सांगायचे की पूर्वी चिखल तुडवून तळी करायचे, कागद-बिगद काही नव्हता. तसं करता येईल का? पावसाळ्यात आमच्याकडं परड्यात घोट्याएवढं पाणी असतंय. (खानापूर तालुका)

येतं की, आणि तुमच्या तालुक्यात नाही करायचं तर कुठं करायचं, खानापूरच्या चिकणमातीवर तर कौलांचे कारखाने आणि कुंभारकाम चाललंय. फक्त जांभ्याच्या भरवशावर राहू नका, जांभ्याला भोकं असतात, पाणी त्यातनं निवांत निघून जातं. खड्डा नेहमीपेक्षा फूटभर मोठा काढा, भाताच्या खाचरातली चिकट माती आणा, भिजवून मळून सहा ते नऊ इंचाचा थर तळाला आणि बाजूला बसवा आणि पायानं तुडवून तुडवून त्यातली हवा काढा. थर एका दिवसात नको, तीन-तीन इंचाचे करा आणि मधेच वाळू देऊ नका. असं तळं एकदा भरलं की परत कधी पूर्ण आटू द्यायचं नाही, माती वाळली की भेगा पडतात आणि मग पुढच्या पावसात सगळं पहिल्यापासून. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं त्यांनी या भानगडीत पडू नये, कागदच घालावा.

आता घोट्याएवढ्या पाण्याचं. हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि तुम्ही ते शेवटी जाताजाता लिहिलंय. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडं भूजल जमिनीच्या जवळजवळ तोंडाला येतं, अशा ठिकाणी कागदाचं तळं केलं तर खालचं पाणी कागदाला वर उचलतं, मधे फुगा येतो आणि कुंड्या कलंडतात. म्हणून परड्यातली सगळ्यात उंच जागा निवडा, सखल जागा नाही, भले तिथं पाणी आपोआप साठत असेल. सखल जागेत परड्यातलं सगळं धुवून येतं, शेणखत, फवारणी, साबणाचं पाणी. तळ्याभोवती वरच्या अंगाला एक चर काढा, खडी भरा, आणि तो उताराकडं नेऊन सोडा. तळ्याला जास्तीच्या पाण्यासाठी चार इंची पाईप पाहिजेच, दोन इंची तुमच्या पावसाला पुरणार नाही, आणि तोंडाला जाळी बसवा नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मासे वाहून शेतात आणि तिथनं ओढ्यात. पुढं एका प्रश्नात येईल, पण परड्यातले मासे ओढ्यात जाता कामा नयेत, मलप्रभेचं पाणी तिथनंच पुढं जातंय.

नवीन सिमेंटचा टँक केला, आठ दिवस पाणी मारलं, नळाचं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी २० गोल्डफिश सोडले. पाच दिवसात १४ मेले. दुकानदार म्हणतो मासे चांगले होते. मुलगी दोन दिवस जेवली नाही. काय चुकलं? (शहापूर, बेळगाव)

ताई, वाचून वाईट वाटलं, मुलीला सांगा की तिनं काही चुकीचं केलेलं नाही. मासे चांगलेच असतील, पाणी तयार नव्हतं. आणि हे एकट्या तुमचं नाही, या महिन्यातल्या पत्रांत हीच तक्रार सगळ्यात जास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या टँकमध्ये तीन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, सिमेंटचा चुना. नवीन सिमेंटमधनं चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाणी अल्कलाईन होतं, पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कलाईन ते सांगणारा आकडा, ९-१० च्या वर जातो, माशांचे कल्ले भाजून निघतात. क्युरिंग, म्हणजे सिमेंटवर पाणी मारणं, तीन आठवडे करा, त्यानंतर टँक भरून आठवडाभर ठेवा, ओतून टाका, परत भरा, असं तीन वेळा. पीएचची पट्टी माशांच्या दुकानात मिळते, ती ७ ते ८.५ च्या मधे दाखवेपर्यंत मासा आणायचा नाही.

दुसरी, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. राकसकोप धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं ते क्लोरीन मारून येतं, पिण्यासाठी ते बरोबरच आहे, पण मासे कल्ल्यानं पाणी घेतात त्यांना ते सोसत नाही. पाणी पिंपात उघडं ठेवून एक-दोन दिवस उन्हात राहू द्या, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, त्यात बहुतेक सोडियम थायोसल्फेट असतं, बाटलीवर लिहिलेल्या मापानं घाला.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि ती दिसत नाही. मासे जे बाहेर टाकतात त्यातनं अमोनिया तयार होतो, उरलेलं खाद्य कुजलं की त्यातनं पण होतो, आणि अमोनिया माशाला विष आहे. जुन्या तळ्यात दगडांवर, मुळांवर, फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरिया बसलेले असतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्यामानानं निरुपद्रवी आणि ते झाडं खाऊन टाकतात. तुमच्या नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया कुठनं असणार? ते आपले आपण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लावतो तसं कुणाच्या जुन्या निरोगी तळ्यातला फिल्टरचा स्पंज किंवा चार दगड पाण्यात बुडवूनच आणून तुमच्या टँकमध्ये टाकले तर हे काम लवकर होतं. सुरुवातीला झाडं लावा, पंप सुरू करा, महिनाभर थांबा, मग दोन-तीन मासे, पंधरा दिवस बघा, मग आणखी दोन-तीन.

आता जे सहा उरलेत त्यांच्यासाठी: रोज फक्त चौथा हिस्सा पाणी बदला, ते पण क्लोरीन उडालेलं, सगळं पाणी एकदम ओतू नका, ती अजून मोठी घोडचूक होईल. खाद्य चार दिवस बंद, नंतर दिवसातनं एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. मासा उपाशी मरत नाही, जास्त खाद्यानं पाणी मरतं आणि मग मासा मरतो. पुढच्या वेळी मासे आणले की पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग पिशवीत थोडं थोडं टँकचं पाणी घाला आणि मग सोडा. आणि कोई मासे नकोत. दुकानात बोटाएवढे असतात पण दीड-दोन फूट वाढतात, त्यांना चार हजार लिटरच्या खाली ठेवू नये.

एक सोपी गोष्ट राहिलीच. तुमचं गच्चीचं किंवा पत्र्याचं छप्पर हजार स्क्वेअर फूट असेल तर बेळगावच्या १,२०० मिलिमीटर पावसात त्याच्यावर लाखाच्या वर लिटर पाणी पडतं. त्यात क्लोरीन नाही, बिल नाही. पहिल्या दोन-तीन पावसाचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं ते जाऊ द्या, नंतरचं पिंपात धरा. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी विहीर खोदली ती अजून आहे, आपल्या शहराला पाणी धरायची जुनी सवय आहे, ती आपल्या घरापर्यंत यायला काय हरकत आहे?

तळ्याचं पाणी मटारच्या सूपासारखं हिरवं झालंय, दोनदा सगळं उपसून नवीन भरलं, आठ दिवसात परत तेच. एकानं मोरचूद टाक म्हणून सांगितलंय, टाकू का? (निपाणी)

मोरचूद अजिबात नको. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षाच्या फवारणीला ठीक आहे, तळ्यात टाकलं तर शेवाळ मरेल आणि सोबत गोगलगायी, कदाचित मासेही, आणि मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकेल. तुरटीनं पण पीएच खाली जातो.

हिरवं पाणी म्हणजे डोळ्याला न दिसणारं एकपेशीय शेवाळ, त्याला ऊन आणि खत दोन्ही मिळतंय म्हणून ते वाढतंय. तुम्ही दर वेळी नवीन पाणी भरलंत म्हणजे नवीन खनिजं दिली आणि जे बॅक्टेरिया-झाडं त्याच्याशी झगडत होती ती काढून टाकली, म्हणून आठ दिवसात परत. आता उपसू नका. तळ्याचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग पानांनी झाकला जाईल एवढी कुमुदाची (वॉटर लिलीची) झाडं लावा, पाण्याखाली हायड्रिला नाहीतर व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती सोडा, काठाच्या पायरीवर वेखंड, ब्राह्मी, अळू लावा, अळू तर तुमच्या मोरीच्या पाण्यावर पण येतोय, त्याला सांगायला नको. ही झाडं शेवाळाचं खत स्वतः खातात. खाद्य निम्म्यावर आणा. परड्याला युरिया किंवा शेणखत घालता ते पावसाबरोबर तळ्यात येतंय का बघा, येत असेल तर काठ तीन-चार इंच उंच करा. दीड-दोन महिने धीर धरा. पाणी हिरवं असलं म्हणून मासे आजारी नसतात, त्यांना ते चालतं, तुम्हालाच चालत नाहीये. लोंबणारं केसाळ शेवाळ असेल तर ते काठीला गुंडाळून ओढून काढायचं आणि थेट खताच्या खड्ड्यात.

आणि जलपर्णी लावू नका. जांभळी फुलं सुंदर दिसतात, फुकट मिळते, पाणी साफ करते असं सगळे सांगतात, पण ती दक्षिण अमेरिकेतनं आलेली आहे आणि एकदा वेदगंगा-दूधगंगेच्या पात्रात गेली की काय होतं ते तुम्ही नदीकाठचे लोक आम्हाला सांगाल.

शेजारच्या वहिनी रोज भांडूलालेत, तुमच्या तळ्यामुळं डास झाले म्हणून. खरंच होतात काय? गप्पी मासे सोडले तर भागंल काय? (अनगोळ)

नुसतं साचलेलं, मासे नसलेलं पाणी असेल तर होतात, वहिनींचं म्हणणं चूक नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्या दिवसात अळ्या खाणारं कुणीतरी पाण्यात पाहिजे किंवा पाणी हलतं पाहिजे. चालू तळ्यात हे दोन्ही असतं. मासे असतात, चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि अळ्या फस्त करतात, कारंज्यानं पाणी हलत राहतं. डेंग्यूचा डास तर छोट्या भांड्यातलं स्वच्छ पाणी शोधतो: कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, उघडं पिंप. वहिनींना बोलवा आणि दोघींनी मिळून दोन्ही घरांत या जागा तपासा. तुमच्या तळ्यात वळवळणारी अळी सापडली तर त्यांचं खरं, नाही सापडली तर भांडण मिटलं.

गप्पी चालतात, आरोग्य केंद्रात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी मिळतात. पण गप्पी बाहेरचा मासा आहे, भराभर वाढतो, तो तळ्याबाहेर नाल्यात जाऊ देऊ नका. गंबुशिया मासा मात्र कुणी फुकट दिला तरी नको, तो बेडकांची अंडी-पिल्लं आणि इथल्या छोट्या माशांची पिल्लं खातो. मासे ठेवायचेच नसतील तर बीटीआय नावाची पावडर किंवा गोळी मिळते, तो एक बॅक्टेरिया आहे, डासाच्या अळीला मारतो आणि मासे-बेडकांना काही करत नाही. रॉकेल ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

वास्तूसाठी तळ्यात कासव ठेवायचं आहे, कुठं मिळेल? (चिकोडी)

ठेवू नका काका. आपल्याकडची कासवं, नदीतली असोत की चांदणी कासव, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पाळता येत नाहीत, विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. दुकानात लाल कानाची छोटी विदेशी कासवं दिसतात, ती बशीएवढी होतात, झाडं-मासे सगळं खातात, आणि कंटाळून लोक ती कृष्णेत सोडतात, तो दुसरा अपराध. दगडाचं किंवा पितळेचं ठेवा.

कमळाचं झाड आणलं, वर्ष झालं, पानं येतात, फूल नाही. (येळ्ळूर)

आधी पान बघा. पान पाण्यावर आडवं तरंगतंय आणि त्याला एका बाजूला चीर आहे तर ते कमळ नाही, कुमुद आहे, नर्सरीत बऱ्याचदा कमळ म्हणून कुमुदच देतात. खऱ्या कमळाचं पान पूर्ण गोल, चीर नाही, आणि झाड जोरात आलं की पानं पाण्याच्या वर उभी राहतात.

कमळ असेल तर त्याला दिवसाला सहा तास तरी सरळ ऊन पाहिजे, सावलीत फूल येणारच नाही. दीड-दोन फूट रुंदीचा, खाली भोक नसलेला टब घ्या, आणि त्यात भरायला येळ्ळूरच्या माणसानं नर्सरीची माती विकत आणायची गरज काय, बासमतीच्या खाचरातली माती आणा, त्याच्यापेक्षा चांगली मिळणार नाही. अगदी तळाला चांगलं कुजलेलं शेणखत दोन ओंजळी, त्यावर माती, मातीवर चार-सहा इंच पाणी. ताजं शेण नको, पाणी नासतं. आत्ता थंडीत पानं वाळली असतील तर घाबरू नका, ते झोपलंय. फेब्रुवारीच्या शेवटी कंद काढून वेगळे करा आणि नवीन मातीत आडवे लावा, कोंबाचं टोक मोडू देऊ नका, तेवढं एक मोडलं तर तो कंद वाया जातो. कारंज्याच्या जवळ ठेवू नका, कमळ-कुमुद दोघांनाही पानावर सतत पाणी पडलेलं चालत नाही.

रोज बोटभर पाणी कमी होतंय. गळतंय की वाळतंय कसं ओळखायचं? (हुक्केरी)

बादली घ्या, तळ्याचं पाणी भरून पायरीवर अशी ठेवा की बादलीतली आणि तळ्याची पातळी जवळपास सारखी येईल. दोन्हीकडं खूण करा, पंप बंद ठेवा, चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखं उतरलं तर ऊन-वारा, तळ्यातलं जास्त उतरलं तर गळती. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दिवसाला पाऊण ते एक सेंटीमीटर पाणी उन्हानंच जातं, १० बाय ६ च्या तळ्यातनं ते चाळीस ते पंचावन्न लिटर होतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण आत्ता जानेवारीत बोटभर म्हणजे जास्त आहे.

पंप सुरू असताना कमी होतं आणि बंद असताना नाही, असं असेल तर गळती पाईपात किंवा धबधब्याच्या काठाला आहे. पंप बंद असताना पण कमी होत असेल तर वरनं पाणी घालणं थांबवा, मासे काढून टबात ठेवायची तयारी ठेवा, आणि पातळी कुठं येऊन थांबते ते बघा, भोक त्याच रेषेत कुठंतरी असतं. अजून एक जागा लोक बघत नाहीत. काठावरची माती किंवा हरळी पाण्याला टेकली असेल तर ती दिव्यातल्या वातीगत पाणी वर ओढून परड्याला पाजत राहते, तेवढी बाजूला केली की गळती बंद झाल्याची उदाहरणं खूप आहेत. कागदाला भोक निघालं तर साध्या गोंदानं चिकटवू नका, एचडीपीई गोंद धरत नाही, शेततळ्याचा कागद गरम मशीननं जोडणाऱ्याला बोलवा.

घरात दीड वर्षाचा नातू आहे. तळं करू की थांबू? (संकेश्वर)

आजी, थांबलात तर उत्तम. लहान मूल वीतभर पाण्यात पण बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. तो पाच-सहा वर्षांचा होऊ दे. तोपर्यंत हौस भागवायची तर जमिनीत टाकी पुरून वर मजबूत जाळी, जाळीवर गोटे आणि त्यातनं उडणारं छोटं कारंजं करा, वर पाणी साठतच नाही. तळं आधीच झालेलं असेल त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याकडनं सळईची जाळी करून घ्या, चौकोन तीन इंचापेक्षा मोठे नकोत, मोठा माणूस उभा राहिला तरी वाकायला नको, आणि ती पाण्याच्या जेमतेम वर बसवून कुलूप लावा. शेडनेट किंवा प्लास्टिकची जाळी चालणार नाही, ती पक्ष्यांसाठी आहे.

यंदा घरचा गणपती आमच्याच तळ्यात विसर्जन करावा म्हणतो, कपिलेश्वर तलावावर गर्दी फार. मासे आहेत. चालेल? (बेळगाव)

मासे असलेल्या तळ्यात नको. प्लास्टरची मूर्ती तर पाण्यात विरघळत नाही, महिनोन् महिने तशीच राहते आणि रंग उतरत राहतात. शाडूची, बिनरंगाची मूर्ती असली तरी सगळी माती एकदम विरघळली की ती कल्ल्यात बसते. मोठ्या बादलीत किंवा टबात विसर्जन करा, शाडू असेल तर दोन-तीन दिवसांत विरघळेल, ते पाणी आणि माती परड्यातल्या जास्वंदीला घाला. निर्माल्य पण तळ्यात नको, खताच्या खड्ड्यात.

पहिल्या पावसात बेडूक इतके ओरडतात की झोप नाही. आणि परवा तळ्यात साप दिसला. बंद करू का तळं? (हल्याळ)

बेडूक वळिवाच्या आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या थोड्या रात्री ओरडतात, अंडी घातली की गप्प होतात. त्यांना पकडून लांब सोडू नका, तुमच्या परड्यातल्या किड्यांचा बंदोबस्त तेच करतात. साप बहुतेक पाणदिवड असेल, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन असतात, बिनविषारी आहे, चिडली तर चावते म्हणून हात घालू नका. पण लांबून बघून खात्री होत नसेल तर सर्पमित्राला बोलवा, अंदाजानं ठरवू नका. तळ्याभोवती विटांचे ढीग, लाकडं, गवत ठेवू नका आणि रात्री परड्यात जाताना बॅटरी घ्या.

पंप दिवसभर चालू ठेवला तर बिल किती येईल? आणि लाईट गेली तर मासे मरतील का? (रायबाग)

अडीच-तीन हजार लिटरच्या तळ्याला २० ते ४० वॉटचा पंप पुरतो. २० वॉटचा चोवीस तास चालला तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आसपास. लाईट गेली म्हणून लगेच काही होत नाही, मासे कमी आणि झाडं भरपूर असतील तर दिवसभर पण निभतं. भीती असते ती उन्हाळ्यात पहाटे, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो आणि झाडं-शेवाळ रात्री ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तांब्यानं पाणी उचलून उंचावरनं परत तळ्यात ओता, दहा-पंधरा मिनिटं करत राहा. वारंवार होत असेल तर मासे कमी करा किंवा बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घ्या.

वायरिंग मात्र स्वतः करू नका. इलेक्ट्रिशियनकडनं ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातनं एकदा त्याचं टेस्ट बटन दाबून बघा. पंपाच्या वायरला जोड पाण्यात किंवा मातीत येता कामा नये, तो जमिनीपासून दीड-दोन फूट वर, झाकणाच्या बॉक्समध्ये. तळ्यात हात घालायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढायचा, दर वेळी.